सोळा रंगांतला जंगली

९ जानेवारी १९९५, सोमवार

ही डायरी धर्मराजने दिली. त्याचे वडील अंबरनाथला औषधांच्या कंपनीत आहेत, तिथे दरवर्षी वाटतात. म्हणाला, "रोज काय काढलं ते लिहीत जा. नंतर आपलं आपल्याला आठवत नाही." पहिल्या पानावर नावाची जागा आहे. तिथे मी सरोज मोरे लिहिलं. वही माझी, वाचणारी मीच, तरी हात आपोआप तेच लिहून गेला.

गोपशेठच्या भरतकामाच्या कारखान्यात मला तीन वर्षं झाली. कारखाना उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात. माझं काम नमुने चौकटीच्या कागदावर उतरवण्याचं. एक चौकट म्हणजे एक टाका. गेल्या वर्षी शेठने पुढच्या खोलीत तीन कॉम्प्युटर टाकले आणि क्लास उघडला. शिकवायला धर्मराज. शिकायला फारसं कोणी येत नाही, पोरं तासाच्या हिशेबाने गेम खेळायला येतात. धर्मराजने परवा माझा मोराचा कागद पाहिला आणि हातातच धरून उभा राहिला. म्हणाला, "तुम्ही हे पडद्यावर काढाल? गेममधली माणसं अशीच असतात. चौकटीचौकटीची." त्याला स्वतःचा गेम करायचा आहे. प्रोग्रॅम तो लिहिणार, चित्रं मी काढायची. मी हो म्हटलं. तो गेल्यावर भीती वाटली.

१३ जानेवारी

माऊस हातात धरवत नाही. कागदावर जे दहा मिनिटांत होतं त्याला इथे दुपार गेली. माणूस सोळा चौकटी रुंद, सोळा उंच, तेवढ्यात सगळं बसवायचं. डोळा म्हणजे एक ठिपका. नाकाला जागाच नाही.

रंगही सोळाच. धर्मराजने ओळीने दाखवले. लाल दोन तऱ्हेचे, निळे दोन, हिरवे दोन, अगदी जांभळासुद्धा दोन तऱ्हेचा, पण माणसाच्या कातडीचा रंग त्यात नाही. गेमच्या नायकाला पिवळा आणि पांढरा एकाआड एक भरला, लांबून गोरा दिसतो. धर्मराज म्हणाला, "मस्त!" तपकिरी एकच आहे. मी पडद्यासमोर माऊस धरला तर हात त्याच रंगाचा दिसला. पटकन पुढचा रंग घेतला.

२२ जानेवारी, रविवार

धर्मराजच्या घरी हळदीकुंकू. अंबरनाथ पूर्वेला त्यांची स्वतःची जागा आहे. त्याच्या आईने मला इतर बायांच्या आधी बसवलं, वाण दिलं, गुळाची पोळी आग्रहाने दोनदा वाढली. खूप गप्पा मारल्या. गाव कुठलं, वडील काय करायचे, मोरे म्हणजे कुठले मोरे, मामाचं आडनाव काय. मी म्हटलं, वांगणीजवळ शेती आहे, वडील नाहीत. बाकीचं सुचेल तसं सांगितलं. माणसं फार अगत्याची आहेत. मला मात्र घाम फुटला होता.

हे इथे एकदा लिहून टाकते, परत लिहिणार नाही. मी सरू देऊ मेंगाळ. वांगणीच्या पलीकडे डोंगरात आमची ठाकर आदिवासींची वाडी आहे. आश्रमशाळेत दहावी झाले. अंबरनाथला खोली शोधायला आले तेव्हा खरं नाव सांगितलं होतं. दोन घरांत खोली "कालच गेली" होती. तिसऱ्या ठिकाणी, बुवापाड्यात, रखमाबाईंनी नाव विचारलं तर वर्गातल्या एका मुलीचं आडनाव तोंडात आलं. सरोज मोरे. खोली मिळाली. कारखान्यात तेच सांगितलं. आई कधीमधी रानमेवा विकायला इकडे येते. तिला मी सांगून ठेवलंय की कामाच्या जागी यायचं नाही, शेठला आवडत नाही.

५ फेब्रुवारी

रविवारची सुट्टी. धर्मराजबरोबर शिवमंदिरात गेलो, दगड पाहायला. गेमचं नाव त्याने "दगडी देऊळ" ठेवलंय. नायक जंगलात हरवलेल्या देवळातला खजिना शोधतो. मी बाहेर बसून चौकटीच्या कागदावर भिंती उतरवल्या. आठ तुकडे काढले की उलटसुलट जोडून अख्खं देऊळ उभं राहतं. दोन तास कसे गेले कळलं नाही. धर्मराज शेजारी बसून होता, फक्त उसाचा रस आणायला दोनदा उठला. हल्ली तो मला तू म्हणतो.

१४ फेब्रुवारी

गोपशेठना गेम दाखवला. त्यांनी खुर्ची ओढून स्वतः खेळून पाहिला आणि म्हणाले, "साईं, मंदिर अच्छा है. पर मारने को कोई नहीं? पोरं काय देवदर्शनाला येणार?" मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्यांच्या ओळखीचा एक माल घेणारा आहे. गेम पुरा झाला तर तो फ्लॉप्या करून विकेल. पण त्याला मारामारी पाहिजे.

धर्मराज म्हणाला, "साप, वाघ टाकतो."

"जंगल है तो जंगली डालो. काले काले, भाला लेके. हू-हू करते आते हैं, पिक्चर में नहीं देखा? सरोज बेटी, तू काढशील ना?"

मी म्हटलं, "काढीन."

८ मार्च

जंगली जमत नाही. काळा केला तर नुसता डाग दिसतो. पिसं लावली, हाडांची माळ घातली. पोरं म्हणाली भूत आहे. धर्मराज म्हणाला, "रंग नको बघू, चाल बघ. ही चालतच नाहीत, सरकतात. चालीत माणूस पाहिजे." चार चित्रं एकामागोमाग दाखवली की माणूस चालतो. चारही बरोबर असली तरच.

रागाने काळा पुसला आणि तपकिरी भरला. आता निदान माणूस दिसतो.

१८ मार्च, शनिवार

शिमग्याला घरी जाऊन आले. होळीला वाडीतली सगळी नाचली, मीही नाचले. तिथे गेल्यावर दोन दिवस मी कुठे काम करते ते आठवतसुद्धा नाही. चिमी, माझी चुलतबहीण, माझ्यापेक्षा वर्षाने लहान. रात्रभर चिकटून होती. "तुज्यासारकी नोकरी मला बघ ना," म्हणत होती. बघते म्हटलं.

सकाळी आई डोंगरावरून मोळी घेऊन उतरत होती. मी खाली ओढ्याजवळ बसले होते. खाणीत कामाला असताना तिच्या डाव्या पायावर दगड पडला होता, तेव्हापासून ती तो पाय बाहेरून फिरवून टाकते. गुडघे वाकलेले, मान पुढे, एक हात वर मोळीला धरलेला. पाय फिरला की खांदा झुकतो, खांदा झुकला की दुसरा पाय पुढे येतो. मी आयुष्यभर पाहिलेली चाल. आज पहिल्यांदा मोजली. चार चित्रं होतात, बरोबर चार.

येताना गाडीतच कागदावर काढून घेतली.

२१ मार्च

जंगली झाला. मोळी सोळा चौकटींत मावेना म्हणून काढून टाकली. मोळीला धरलेला वरचा हात तसाच ठेवून त्यात भाला दिला. पहिल्यांदा पडद्यावर चालला तेव्हा मला एकदम हसू आलं. का ते ठाऊक नाही. आनंदच झाला असणार.

२४ मार्च

काय सांगू! धर्मराजने प्रोग्रॅममध्ये जंगली टाकला आणि क्लासमधली झाडून सगळी पोरं एका कॉम्प्युटरभोवती जमली. तो झाडामागून निघाला की पोरं हसून लोळतात. शेठनी बाहेर येऊन पाहिलं, पोट धरून हसले. कारखान्यातल्या बायांना बोलावून दाखवलं. "ये देखो, अपनी सरोज ने बनाया!" मला पेढे दिले. धर्मराज सगळ्यांसमोर म्हणाला, "मुंबईत पण असं कोणी काढू शकणार नाही."

मीही हसले सगळ्यांबरोबर.

मरणाची चित्रं राहिली आहेत. गोळी लागली की मागे पडायला हवा. दोन चित्रांत होईल.

७ एप्रिल

एक पोरगा पाय फिरवत, हात वर करून क्लासच्या बाहेर चालत होता, बाकीचे त्याला बोटांच्या बंदुकीने मारत होते. आता तो खेळच झालाय. कॅम्पातल्या गल्लीत पण खेळतात. धर्मराज म्हणाला, "गेम विकायच्या आधीच हिट." मी डोकं दुखतं म्हणून लवकर निघाले. डोकं खरंच दुखत होतं.

१० मे, बुधवार

दुपारी चारच्या सुमारास. मी धर्मराजच्या शेजारी बसून देवळाची शेवटची पायरी रंगवत होते. शेजारच्या कॉम्प्युटरवर पोरं खेळत होती. दारात कोणीतरी उभं राहिलं म्हणून उजेड कमी झाला.

आई होती. डोक्यावर करवंदांची पाटी. हातात पानांचा द्रोण, वरून फडक्याने बांधलेला. म्हणजे विकायचा नाही, कोणासाठी तरी वेगळा काढलेला. पत्ता तिला कोणी दिला ठाऊक नाही. मी सांगितलं होतं येऊ नको म्हणून. सांगितलं होतं.

ती पाटी उतरवायला दोन पावलं आत आली. पाय फिरला, खांदा झुकला. एक पोरगा ओरडला, "अबे, जंगली! जंगली आ गयी!" सगळे वळले. कोणीतरी बोटांनी गोळी मारली. हसणं असं की खोली दणाणली. पडद्यावर त्याच वेळी माझा जंगली चालत होता, आणि खेळणाऱ्या पोराने बटण दाबलं, तो मागे पडला. आई पडद्याकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं.

धर्मराजने पोरांना दटावलं. मग तिला म्हणाला, "काय पाहिजे, मावशी?"

आईने तोंड उघडलं. मी तिच्याआधी बोलले.

"नको आम्हाला. पुढं जा, बाई."

हे शब्द मी बोलले. आवाज अगदी साधा होता.

आई म्हणाली, "बरं, बाई." पाटी सावरली, वळली आणि गेली. द्रोण तिच्या हातातच होता.

धर्मराज म्हणाला, "घ्यायची होती ना थोडी, मला आवडतात करवंदं." मी पायरी रंगवायला लागले. रंग चुकीचा भरला गेला होता.

११ मे

काम केलं.

१२ मे

सुट्टी घेतली. दिवसभर पडून होते. रखमाबाईंनी विचारलं, ताप आहे का. ओला हात कपाळावर ठेवला. मी तोंड भिंतीकडे केलं.

आईला पडद्यावरचं काय कळणार. तिने कधी टीव्ही नीट पाहिलेला नाही. पोरं काहीतरी ओरडली, तिला हिंदी कळत नाही. हे मी दिवसभर स्वतःला सांगते आहे.

२० मे

बदलापूरला एका भरतकामवालीकडे नमुने द्यायला गेले होते. बाजारात वाडीच्या बाया ओळीने बसल्या होत्या, शेवळं या रानभाजीच्या जुड्या लावून. त्यांत चिमी होती, विठाकाकू होती. माझ्याबरोबर कारखान्यातली एक बाई होती म्हणून मी मान खाली घालून चालले. तरी समोरासमोर आलेच. चिमीने माझ्याकडे पाहिलं आणि तिऱ्हाईतासारखं म्हणाली, "शेवळं घेता का, ताई?" विठाकाकू जुड्या मोजत राहिली.

मी पंजाबी ड्रेस घातला होता, केस कापलेत. ओळखलं नसेल. बरंच झालं.

पण शिमग्याला केस कापलेलेच होते.

२८ मे, रविवार

वाडीवर गेले. एसटी चुकली, स्टेशनवरून चालत. वाटेवर बुधाजी भेटला, माझा सख्खा मामा. हात जोडून "नमस्कार" म्हणाला. मला वाटलं चेष्टा करतोय.

आईने मला पाहिलं आणि आत जाऊन चटई आणली. नवी चटई, पाहुणे आले की काढतात ती. कपबशी शेजाऱ्यांकडून मागून आणली. मी हंडा घेऊन उठले तर तिने हातातून काढून घेतला. "ऱ्हाऊ दे. तुजे कपडे खराब होतील."

मी म्हटलं, "आये, असं काय करतेस?"

"काय करतंय? काय नाय करत."

मग ती म्हणाली, "मी सांगितलंय सगळ्यांना. बाजारात दिसली तर आवाज नाय द्यायचा. तिची नोकरी हाय, घर हाय, आपल्यापायी तिला तरास नको. चिमीला दोनदा सांगितलं, ती येडी हाय, हाका मारंल. मारली का हाक तिनं?"

"नाही."

"मंग झालं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तिच्या पाया पडले असते. तिने हे सगळं असं सांगितलं की जणू मी बाळंतीण आहे आणि वाडीने मला वारा लागू नये म्हणून दार लावून घेतलंय. वाडीतल्या साठ माणसांनी माझं खोटं आपापल्या तोंडात धरून ठेवलंय. आणि मला वाटत होतं ते मी एकटीने सांभाळलंय.

निघताना तिने विचारलं, "त्या पेटीत तू काय करतंस?"

"चित्रं काढते."

"चांगली काढतंस," ती म्हणाली. "मी दारातूनच वळखलं."

काय ओळखलं ते मी विचारलं नाही.

२ जून

धर्मराजला म्हटलं, जंगली बदलायचा. दुसरा काढते, आठ दिवसांत देते. तो हसला. "वेड लागलं का? तोच तर गेम आहे. माल घेणारा चोवीस तारखेला येतोय." मी म्हटलं, ते बरं नाही दिसत. "काय बरं नाही?" मी परत म्हटलं, आठ दिवसांत देते. तो म्हणाला, "तुला स्वतःचं काम कधीच आवडत नाही, हाच तुझा प्रॉब्लेम." मग, "आई विचारत होती, सरोज परत कधी येणार म्हणून. तुझ्या घरचं मोठं कोण आहे बोलायला?"

मी विषय बदलला. त्याच्या आईला आमच्या घरच्यांशी काय बोलायचं असेल?

१५ जून

कोणी नसताना जंगलीच्या चित्रांची फाइल उघडली. पुसून टाकावी वाटलं. पहिलं चित्र पुसलं, खांद्यापर्यंत. मग पुसवेना. ती चाल माझ्याकडे दुसरीकडे कुठेच नाही. फोटो नाही आईचा एकही. खांदा परत काढला. ठिपका न ठिपका हाताला पाठ आहे.

२४ जून, शनिवार

आज झालं ते सगळं लिहिते.

माल घेणारा आला. सफारी घातलेला, सभ्य माणूस. शेठनी शेजारच्या दुकानदारांनाही बोलावलं होतं, समोसे मागवले. धर्मराजची आईसुद्धा आली होती, मुलाचं काम बघायला. मला शेजारी बसवून घेतलं. धर्मराजने गेम चालवला. देवळाला सगळे वा वा म्हणाले. मग जंगली आला आणि खोली हसली. त्या माणसाने तीन वेळा तीच जागा खेळून पाहिली. हसून डोळे पुसले.

"ये चाल किसने निकाली?"

शेठनी माझ्याकडे बोट केलं. तो म्हणाला, "बेटी, कमाल है. कहाँ से देखी ऐसी चाल? सर्कस में?"

सगळे माझ्याकडे बघत होते, हसायच्या तयारीत. मी सर्कस म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं.

मी म्हटलं, "माझी आई अशी चालते."

ते हसले. खूप हसले. शेठ म्हणाले, "मजाक अच्छा करती है!" धर्मराजची आईसुद्धा पदर लावून हसली.

मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा सांगणं कितीतरी अवघड. "खरंच माझी आई आहे. गेल्या महिन्यात करवंदं घेऊन इथे आली होती. मी तिला घालवून दिलं. पाय खाणीत मोडला म्हणून ती तशी चालते. आम्ही ठाकर आहोत, वांगणीच्या डोंगरातले. माझं आडनाव मोरे नाही."

गेम चालूच होता, नायक उभा होता, त्याला कोणी हलवत नव्हतं. जंगली आले आणि त्याला मारलं. माल घेणाऱ्याने खाली बघून समोशाच्या कागदाची घडी घातली. धर्मराजच्या आईने माझ्या हातावर ठेवलेला हात काढून घेतला. झटकन नाही. हळूच, वाटी उचलायच्या निमित्ताने.

मी मागे कारखान्यात जाऊन चौकटीचा कागद समोर घेऊन बसले. एक फूल उतरवलं. पाच वाजता घरी आले.

२५ जून

रखमाबाईंना कोणाकडून कळायच्या आधी आपणच सांगावं म्हणून सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला चालतं गं. मी काय, म्हातारी झाले. खोली सोडू नकोस." मला रडू आलं. त्यांनी पाठीवर हात फिरवला आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "फक्त चाळीत कोणाला बोलू नकोस. काय गरज आहे?"

त्यांचं मन मोठं आहे. तरी त्यांचं ते शेवटचं वाक्य मी मघापासून परत परत म्हणून बघतेय.

१ जुलै

धर्मराज आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. आज सगळे गेल्यावर म्हणाला, "तू आधी सांगायला हवं होतंस."

"हो."

"मला काही फरक पडत नाही. पण आता आईला मी काय सांगू?"

आता कुठे मला कळलं तो इतके महिने काय विचारत होता, आणि त्याच्या आईने मामाचं आडनाव का विचारलं होतं. इतकी कशी मी भोळी. की मला कळायचंच नव्हतं? कळलं असतं तर तेव्हाच खरं सांगावं लागलं असतं.

मी म्हटलं, "आईला सांग, जे आहे ते."

त्याने कॉम्प्युटर बंद केला, वायर गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. त्याची लाज मला दिसत होती आणि माझी त्याला. एकमेकांना द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं.

जंगलीबद्दल त्याने स्वतःहून काढलं. "बदलता येणार नाही आता. शेठने फ्लॉपी देऊन टाकली. जंगली बघूनच त्याने पैसे दिलेत." मग म्हणाला, "सुरुवातीला 'चित्रे: सरोज मोरे' असं येतं ना, ते काढू का? पुढच्या कॉप्यांसाठी तेवढं बदलून नवी फ्लॉपी देता येईल. मग कोणाला कळणार नाही कोणी काढलं ते."

मी सोमवारी सांगते म्हटलं.

३ जुलै

काढ म्हणणार होते. सकाळी गाडीत बसेपर्यंत तेच ठरलं होतं. नाव गेलं की मी सुटले.

पण मग तो जंगली कोणाचाच राहत नाही. आई चालते आहे, पोरं तिला मारताहेत, आणि काढणारी गायब.

धर्मराजला म्हटलं, काढू नको, बदल. खरं नाव घाल. तो म्हणाला, "ह्याच्यावर? ह्याच्यावर घालायचंय तुला?" मी म्हटलं, ह्याच्यावरच.

कॉम्प्युटरात मराठी अक्षरं नाहीत, ती मलाच चित्रासारखी काढावी लागतात. सरू सोपं गेलं. मेंगाळचा ळ आठ चौकटींत बसेना. दोन गोल जवळ घेतले की डाग होतो, लांब केले की भोपळे. दुपारभर तेच करत होते. माझं नाव छापल्यासारखं कुठे दिसण्याची ही पहिलीच वेळ, आणि ते ह्याच्याखाली. शेवटी ळ एक चौकट खाली उतरवला. ओळीच्या बाहेर लोंबतो थोडा. राहू दे.

२१ जुलै

बदलापूरच्या एका क्लासमध्ये "दगडी देऊळ" चालू होता. लॅमिंग्टन रोडहून कॉपी, कॉपीची कॉपी. रस्त्यावरून पडदा दिसत होता. कोणता आहे बघायला थांबले. जुनाच होता, मोरेवाला. नवा कदाचित कुठे पोचलाच नसेल. आत पोरं हसत होती. ही पोरं मला ओळखत नाहीत, आईला ओळखत नाहीत, आणि त्यांना कोणी काही सांगू शकत नाही. ते आता माझ्या हातात नाही. मी केलेली गोष्ट माझ्याशिवाय चालते आहे.

३० जुलै, रविवार

आज बदलापूरच्या बाजारात गेले. आई भिंतीकडेला बसली होती, पुढ्यात कंटोळी आणि भारंगीचा पाला. शेजारी चिमी, पलीकडे विठाकाकू. मला लांबून पाहिल्यावर तिघी एकदम दुसरीकडे बघायला लागल्या. किती सराव झालाय त्यांना.

मी समोर जाऊन उभी राहिले. आई वर न बघता म्हणाली, "काय देऊ, बाई?"

"आये," मी म्हटलं.

तिने डाव्या-उजव्या बाजूला बघितलं, कोणी ऐकलं का म्हणून. हळू आवाजात म्हणाली, "जा तू. कोणी बघंल."

"बघू दे."

"नोकरी?"

"आहे. सगळ्यांना सांगितलं मी."

"कशाला?" ती खरंच वैतागली. "आमी एवढं सांबाळलं..."

मला माफी मागायची होती. घरून वाक्य जुळवून आणलं होतं. ते आलं नाही. मी तिच्या शेजारी खाली बसले, ओल्या फरशीवर, आणि तिच्या गुडघ्याला माझा गुडघा लागला. तिने पाय काढून घेतला नाही. पाठीमागून एक गोणपाट ओढलं आणि माझ्याखाली सरकवलं. चिमी तोंडावर हात धरून रडत होती की हसत होती, मला बघवलं नाही.

आम्ही काही बोललो नाही. करवंदांचं नाही, पडद्याचं नाही. बहुतेक कधीच बोलणार नाही. समोरून एक बाई आली, कंटोळी चाचपून पाहिली आणि मला विचारलं, "कशी दिली?"

मला भाव माहीत नव्हता. आईकडे बघितलं. तिने हळूच सांगितला. मी तो म्हटला, पण माझा मलाच ऐकू आला नाही.

"अगो, मोठ्यानं बोल," आई म्हणाली. "इथं लाजून कसं चालंल?"